उंचीप्रमाणे रांग

शिट्टी सरांशी मी सात वर्षं एक शब्दही बोलले नाही, आणि आमच्या दोघांच्या दारांमध्ये अंतर होतं बारा पावलांचं. मी गणिताची बाई आहे, मोजल्याशिवाय बोलत नाही. गल्ली ओलांडायला मला बारा पावलं लागतात. सरांना आठ पुरायची, कारण त्यांच्या टांगा लांब होत्या आणि भाजी आणायला निघाले तरी ते कवायतीतच असायचे. गेल्या महिन्यात सर गेले. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहून द्या, शाळेच्या फळ्यावर लावू, असं मुख्याध्यापक मला म्हणाले. चार शब्दांत मावणारा माणूस असता तर त्याच दिवशी लिहून मोकळी झाले असते.

सर आमच्या शाळेत कवायत शिकवायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. मुलं, पालक, दूधवाला, सगळे शिट्टी सरच म्हणायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, घरात ‘अहो’ म्हणायची, पण शेजारणींशी बोलताना तीही ‘आमचे शिट्टी सर’ म्हणून मोकळी व्हायची. गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि हे बूट पांढरे राहायचे ते माझ्या जिवावर. वर्गात उरलेले खडूचे तुकडे गोळा करायचे, पाण्यात कालवायचे आणि दाढीच्या जुन्या ब्रशाने बुटांना फासायचे. उरलेले म्हणते खरी, पण चांगले अख्खे खडूसुद्धा गायब व्हायचे. त्यावरून आठवड्यातून एकदा तरी आमची जुंपायची.

"सर, माझा फळा कोरडा आणि तुमचे बूट पांढरेशुभ्र. हे काय चाललंय?"

"बाई, तुमच्या गणिताने कुणाची उंची वाढली का कधी?"

"आणि तुमच्या कवायतीने कुणाला तेराचा पाढा आला?"

मग ते मिशीतल्या मिशीत हसायचे आणि जाता जाता आणखी एक खडू उचलायचे. असा निर्लज्ज माणूस.

त्यांना वेड एकच होतं, रांगेचं. एक लांब शिट्टी वाजली की कवायतीच्या पथकातल्या तीसही मुलांनी हातातलं टाकून मैदानात यायचं आणि उंचीप्रमाणे रांग धरायची. सगळ्यांत उंच उजवीकडे, सगळ्यांत बुटका डावीकडे, हाताचे अंगठे चड्डीच्या शिवणीवर, नजर समोर. सगळं एका मिनिटाच्या आत. सर घड्याळ धरून उभे राहायचे. "जेवत असाल तर घास तोंडात ठेवून या, पण या," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. एकदा एक पोरगा संडासातून एका हाताने चड्डी सावरत धावत आला आणि बरोबर आपल्या जागी, सातव्या नंबरावर उभा राहिला. सरांनी त्याची पाठ थोपटली. ती गोष्ट ते वर्षभर सांगत फिरत होते.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मोजणी व्हायची. खेळाच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी काळ्या रंगाने बोटाबोटाच्या अंतरावर रेघा मारल्या होत्या. पोरांनी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, सर डोक्यावर पट्टी ठेवायचे आणि नवा नंबर द्यायचे. मोजणी मात्र बूट घालून. जगात सगळीकडे उंची अनवाणी मोजतात, पण आमचे सर म्हणायचे, "कवायत बुटांत होते ना? मग उंचीही बुटांत." त्यावर आम्ही शिक्षकांच्या खोलीत पोट धरून हसलो होतो. कोणी त्यांना अडवलं नाही. इतक्या साध्या गोष्टीवरून कशाला अडवायचं कोणाला?

माझा मुलगा त्या रांगेत एकोणिसावा होता. घरात त्याला टिल्लू म्हणायचे, आणि नाव ठेवलं तसाच तो राहिला. चार वर्षांचा असताना त्याचे वडील तापाने गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. सरांचा धाकटा मुलगा ढब्बू त्याच्याहून तीन आठवड्यांनी मोठा. कोण कोणाकडे जेवलं, कोण कुठे झोपलं, याचा हिशेब दोन्ही घरांत कोणी ठेवत नव्हतं. ढब्बू मला मावशी म्हणायचा आणि माझ्या डब्यातली बिस्किटं न विचारता खायचा. रांगेत तो सोळावा होता. टिल्लूचा जळफळाट व्हायचा तो ह्याच तीन नंबरांचा. रोज संध्याकाळी मैदानातल्या आडव्या दांड्याला तो लोंबकळायचा, का तर सरांनी सांगितलं होतं, लोंबकळलं की हाडं ताणतात. घरी आला की विचारायचा, "आई, वाढलो का?" मी म्हणायचे, "हात वाढले."

त्या वर्षीच्या दुसऱ्या मोजणीच्या आदल्या दिवशी तो माझ्या मागे मागे घुटमळायला लागला.

"आई, पुठ्ठा आहे का गं?"

"कशाला?"

"असाच."

"असाच पुठ्ठा कोणाला लागत नाही. खरं सांग."

त्याने बूट पुढे केले. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. खरं तर कान पिळायला हवा होता. गणिताच्या बाईचा मुलगा आणि मोजणीत लबाडी! पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मी माझ्या चाचणीच्या जुन्या वह्यांची कव्हरं फाडली, त्याचा पाय त्यांवर ठेवून पेन्सिलीने आखला आणि मोठ्या कात्रीने एकेका बुटात बसतील असे तीन तीन थर कापून दिले. वर म्हणाले, "टाच उचलू नकोस, चोरी पकडली जाईल." दुसऱ्या दिवशी तो उड्या मारतच घरी आला. सोळावा! ढब्बू सतरावा झाला होता, आणि त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. दोघांनी मिळून माझा बिस्किटांचा डबा रिकामा केला.

हे मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण पुढच्या नऊ वर्षांत मी हे फक्त एका माणसाला सांगितलं.

लढाई तेव्हा दोन वर्षं चालू होती, पण डोंगरापलीकडे. डोंगरवाल्यांची, म्हणजे तिथल्या बंडखोरांची, माणसं संपत आली आहेत आणि ते आता शाळांतून मुलं नेतात, अशा बातम्या यायच्या. कोणी म्हणायचं खोटं आहे, कोणी म्हणायचं माझ्या मेहुण्याच्या गावात झालं. मुख्याध्यापकांनी आम्हाला बसवून एक योजना सांगितली: गाड्या दिसल्या की शिपाई घंटा तुटक तुटक वाजवेल, मग मुलींनी वरच्या मजल्यावर जाऊन जमिनीवर झोपायचं आणि मुलग्यांनी जिथे जागा मिळेल तिथे लपायचं. सरांनी पोरांकडून लपण्याचीसुद्धा तालीम करून घेतली. कोण टाकीमागे, कोण लाकडांच्या ढिगात, कोण संडासात. त्यातही नंबर होते.

डोंगरवाले सकाळी दुसऱ्या तासाला आले. दोन उघड्या गाड्या होत्या. घंटा तुटक वाजली आणि चाळीस मुलींना घेऊन मी वरच्या वर्गात जमिनीवर पडले. खिडकी गजांची होती, तिच्या खालच्या कोपऱ्यातून मला मैदान दिसत होतं. मैदान रिकामं होतं. एक पोरगंही दिसत नव्हतं. मला बरं वाटलं, अजून आठवतं, मनात म्हटलं, शाबास सर.

त्यांचा म्होरक्या म्हणजे विशीतला पोरगाच. त्याने मुख्याध्यापकांना भिंतीशी उभं केलं, सरांनाही. सगळीकडे नजर फिरवली, आणि मग त्याला सरांच्या गळ्यातली शिट्टी दिसली. तो काहीतरी म्हणाला. सरांनी मान हलवली, नाही. पुन्हा नाही. बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला, तरी नाही. तेव्हा त्याने शिट्टी दोरीसकट ओढून काढली आणि स्वतःच्या तोंडात घातली. पहिल्यांदा नुसती हवा आली. त्याचे सोबती हसले. दुसऱ्यांदा वाजली. लांब वाजली.

आणि मुलं आली. टाकीमागून, लाकडांतून, संडासातून, शर्ट खोचत, धावत. लपलेल्या पोराला शिट्टी कोण वाजवतंय ते थोडंच दिसत होतं? सरांची शिट्टी वाजली म्हणजे संकट टळलं, असंच वाटलं असणार त्यांना. पहिले आले आणि त्यांनी बंदुका पाहिल्या, पण मागचे ढकलत येतच होते, आणि पाय सवयीने आपापल्या जागी गेले. तीस मुलं, उंचीप्रमाणे, अंगठे शिवणीवर. एक मिनिटही लागलं नाही.

म्होरक्या उजव्या टोकापासून काठीने एकेकाला मोजत निघाला. एका गाडीत आठ, दोन गाड्यांत सोळा. सोळाव्याजवळ तो थांबला आणि त्याने सोळाव्या-सतराव्याच्या मध्ये मातीत काठीने रेघ ओढली.

मी वरून पाहिलं. रेघेच्या अलीकडे माझा, पलीकडे ढब्बू. सरांनी तोंड उघडलं. ओठांतून रक्त येत होतं, पण तोंड उघडलं हे मी नक्की पाहिलं. आणि मग ते मिटलं. मीही ओरडले नाही. ओरडले असते तर चाळीस मुली सापडल्या असत्या, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते खरं असेलही. पण ओरडायला तोंड उघडलं तेव्हा मला मुली आठवत नव्हत्या, मला फक्त पुठ्ठा आठवत होता, आणि आवाज आला नाही एवढंच मला ठाऊक आहे. जाताना म्होरक्याने ती शिट्टी माझ्या टिल्लूच्या गळ्यात घातली. तो सोळांत सगळ्यांत बुटका होता, गंमत वाटली असेल.

त्या दिवसापासून मी सरांशी बोलणं सोडलं. गावात बायका म्हणायच्या, "शिट्टी सरांनी आपला वाचवला, बाईंचा दिला." मी ऐकून घ्यायचे. मान हलवायचे नाही आणि नाहीही म्हणायचे नाही. कोणाला तरी दोष द्यायला मिळाला की माणसाला अन्न गोड लागत नाही, पण गिळता तरी येतं. मला गिळायला सर मिळाले होते.

सरांनी दुसऱ्याच दिवशी भिंतीवरच्या रेघा पुसल्या. चुना लावला, वाळला, त्यातून काळं पुन्हा दिसायला लागलं, म्हणून पुन्हा लावला. पांढरे बूट गेले, चपला आल्या. माझे खडू वर्गात तसेच उरायला लागले. तुकड्यांनी डबा भरला, तो मी मागच्या गटारात ओतून दिला. कवायतीचा तास बंदच झाला. सर दुसऱ्यांच्या वर्गात नुसते बसायचे, पोरं गोंगाट करायची, तरी ते गप्प.

ढब्बू मात्र वाढत गेला. त्याचा इलाज नव्हता, वाढायचं वय होतं. पंधराव्या वर्षी बापाच्या कानाला लागला, सोळाव्या वर्षी डोक्यावरून गेला. रोज सकाळी माझ्या दाराशी पाण्याच्या दोन कळश्या भरून ठेवायचा. पहिलं वर्षभर मी त्या गल्लीत ओतून दिल्या. माझ्या दारावरून जाताना तो पाठीत वाकायचा आणि खांदे पाडून चालायचा, आपली उंची मला दिसू नये म्हणून. लेकराचा काय दोष होता? मला कळत होतं. तरी दार उघडून सरळ चाल म्हणावं एवढं मन मोठं नव्हतं माझं.

आणि दर गुरुवारी सर बसने केंद्रावर जायचे. तीन तासांवर एका जुन्या पिठाच्या गिरणीत मदतवाल्यांनी सुटून आलेल्या मुलांसाठी ते केंद्र काढलं होतं. तिथे येणारी मुलं खरं नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत, वय तर मुळीच नाही. कित्येकांना डोंगरवाल्यांनी दुसरीच नावं दिलेली असतात. तर सर काय करायचे? जेवणाच्या रांगेपासून थोडे लांब उभे राहायचे आणि बघत राहायचे. एखादा मुलगा ताटली घ्यायच्या आधी अंगठे विजारीच्या शिवणीवर ठेवून उभा राहिला की ते जवळ जाऊन हळूच म्हणायचे, "तू आमचा का रे?" असे त्यांनी सात वर्षांत नऊ मुलगे घरी आणले. तीन मेल्याचं कळलं, तेव्हा त्या तिन्ही घरांसमोर ते स्वतः जाऊन उभे राहिले, आतून बोलावेपर्यंत. एका बापाने बोलावलं नाही, चप्पल फेकून मारली. सरांनी ती उचलून उंबऱ्याशी नीट ठेवली आणि तिथेच उभे राहिले.

ज्या चौघांचा पत्ता नव्हता, त्यांच्या दारांखालून गुरुवारी संध्याकाळी एक चिठ्ठी यायची. कवायतीच्या जुन्या वहीचा फाडलेला तुकडा, त्यावर दोनच शब्द: आज नाही. पहिल्या काही मी चुलीत घातल्या. नंतर बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लागले. का, ते सांगता येत नाही. दर आठवड्याला माझ्या मुलाचं नाव न घेताही त्याची आठवण काढणारं जगात आणखी कोणीतरी होतं, म्हणून असेल.

सातव्या वर्षी एका गुरुवारी चिठ्ठी आली नाही. मी दाराकडे बघत बसले. बस आलेली मी ऐकली होती, समोरचं दार वाजलेलंही ऐकलं होतं. सकाळी उजाडल्या उजाडल्या कडी वाजली. उघडलं तर सर. किती म्हातारे झाले होते! बारा पावलांवरून ते कधी दिसलंच नव्हतं.

"बाई, टिल्लू सापडला."

"जिवंत?" सात वर्षांनी त्यांच्याशी बोललेला माझा पहिला शब्द तो.

"जिवंत आहे. हातपाय धड आहेत."

"मग आणला का नाही?"

सरांनी खाली बघितलं. "येत नाही म्हणतो. तुम्ही चला."

बसमध्ये शेजारी शेजारी बसलो. अर्धा रस्ता संपला. मग माझ्याच्याने राहवेना.

"सर, त्याच्या बुटांत पुठ्ठा होता. मी कापून दिला होता."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मोजणीनंतर आठवड्याने शर्यतीत त्याचा बूट निघाला. आतलं मी बघितलं. वर तुमचंच अक्षर होतं, ‘७ वी अ, दुसरी चाचणी’. तुमचा सात लपतोय होय, बाई? मी म्हटलं, हौस आहे पोराला, पुढच्या मोजणीला बघू."

"आणि सात वर्षं तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत? लोक तुमच्या तोंडावर काय काय बोलले. मी बोलू दिलं."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही एकट्या राहता. घरात तेवढं ओझं कोणाबरोबर वाटून घेतलं असतं?" मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "आणि मी काही साव नाही. तोंडापर्यंत आलं होतं. हा एकोणिसावा आहे, बुटात पुठ्ठा आहे, असं म्हणणार होतो. पण मग सोळावा कोण, तेही मला माहीत होतं. मास्तर बोलणार होता, बापाने तोंड दाबलं."

"मीही वरून ओरडले नाही," मी म्हणाले. ते मला म्हणाले नाहीत की बाई, तुमचं बरोबर होतं. मीही त्यांना म्हणाले नाही. पण उरलेला रस्ता आम्ही एकाच सीटवर, मध्ये पिशवी न ठेवता बसलो.

गिरणीच्या अंगणात तो भिंतीशी बसला होता. एकोणीस वर्षांचा, विरळ दाढी, आणि उंची माझ्या खांद्याइतकी. सात वर्षांत चार बोटं वाढला असेल. उपाशी पोटी ओझी वाहिलेली हाडं, कुठली वाढणार? सरांना पाहून तो ताडकन उठला. अंगठे शिवणीवर, नजर आमच्या डोक्यांवरून पलीकडे. मी "टिल्लू" म्हटलं, त्याने पापणीही हलवली नाही. तो सरांशी बोलला.

"सर, शिट्टी हरवली."

शाळेची वस्तू हरवलेला पोरगा जसा सांगतो, तसं. सर म्हणाले, "असू दे रे. असू दे, बाळा."

मग त्याने सांगितलं. सलग नाही, तुटक तुटक, दुपारपर्यंत. म्होरक्याला आमच्या मैदानातली युक्ती फार आवडली होती. पुढच्या शाळांमध्ये त्यांनी टिल्लूला शाळेचा शर्ट घालून पुढे पाठवलं. बुटका पोरगा, कोणाला संशय येतो? त्याने मैदानाच्या मधोमध उभं राहून लांब शिट्टी वाजवायची. "सगळीकडे येतात, सर," तो म्हणाला. "आपल्यासारखी रांग नाही धरत, पण येतात." पहिल्या शाळेतून अकरा. दुसरीतून नऊ. त्याला सगळे आकडे पाठ होते. एकूण एकशे बेचाळीस. गणिताच्या बाईचा मुलगा, मोजणं सुटलं नाही त्याचं. मीच शिकवलं होतं, बोटं धरून.

सर त्याच्यासमोर उभे राहिले. "टिल्लू, ऐक. तुझा खरा नंबर एकोणीस होता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. सतरावा माझा होता म्हणून. हे सगळं माझ्यावर आहे, तुझ्यावर काही नाही."

टिल्लूने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"मलाही माहीत होतं ना, सर. बूट काढतो म्हणालो असतो की मी. पण ढब्ब्या शेजारीच होता. त्याचा हात माझ्या हाताला लागत होता, सगळा घामेजलेला. म्हटलं, राहू दे."

सर मटकन खाली बसले. मीही बसले. सात वर्षं आम्ही दोघं मोठी माणसं एकमेकांकडे पाठ करून हेच ओझं ओढत होतो, कोण गप्प बसलं, कोणामुळे गेला. आणि बारा वर्षांच्या पोराने त्या मैदानात बंदुकीसमोर विचार करून ठरवलं होतं, राहू दे. मी रडले, मोठ्याने, अंगणातली सगळी मुलं बघत असताना. टिल्लू उभाच होता. माझ्याजवळ आला नाही. ज्याने एक पोरगा वाचवायला तोंड मिटलं, त्याच्याच तोंडात डोंगरवाल्यांनी शिट्टी दिली. याला मी काय म्हणू? मला शिव्यासुद्धा पुरत नाहीत.

तो घरी आला नाही. "आपल्या घरी शाळेची घंटा ऐकू येते, आई," एवढंच म्हणाला. केंद्रावरच राहिला. नव्याने आलेल्या मुलांचे कपडे धुतो, त्यांच्याजवळ बसून असतो, बोलत नाही. पुढची दोन वर्षं दर गुरुवारी मी आणि सर जोडीने जायचो. उरलेल्या तिघांना सर शोधायचे, मी टिल्लूशेजारी कपडे पिळत बसायचे. एकदा ढब्बूलाही नेलं. तो नेहमीसारखा वाकून उभा राहिला. टिल्लू त्याच्याकडे बघत म्हणाला, "सरळ हो की रे. एवढा वाढलास तो काय वाकायला?" ढब्बू सरळ झाला आणि हुंदके देऊन रडला. त्या दिवसापासून तो माझ्या दारावरून ताठ चालतो, आणि मला ते बघवतं.

गेल्या महिन्यात बुधवारी दुपारी सर झोपले ते उठले नाहीत. गुरुवारसाठी शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. खिशात तीन चिठ्ठ्या होत्या, आधीच लिहून ठेवलेल्या. बसमधून उतरल्यावर हात थरथरायचा, म्हणून हल्ली आधीच लिहायचे, आणि कोणी सापडला तर फाडून टाकू म्हणायचे. त्या आठवड्यात त्या चिठ्ठ्या मी तिन्ही दारांखालून सरकवल्या. शाळेच्या फळ्यावरचे चार शब्द अजून लिहिलेले नाहीत.

पुढच्या गुरुवारी मी एकटी गेले. तीन तास बसमध्ये वाक्य जुळवत होते. त्याला कसं सांगायचं, आधी पाणी द्यायचं का, बसवायचं का. टिल्लू दोरीवर कपडे वाळत घालत होता. त्याने माझ्या मागे बघितलं, फाटकाकडे बघितलं.

"सर नाही आले?"

जुळवलेलं सगळं वाक्य गेलं. तोंडातून एवढंच आलं, "आज नाही."

त्याची नजर माझ्या खांद्यावर गेली. तिथे सरांची गुरुवारची कापडी पिशवी होती. हातातला ओला शर्ट त्याने दोरीवर टाकला, चिमटा लावला. अंगणाच्या मध्ये जाऊन उभा राहिला, अंगठे शिवणीवर, नजर समोर. मग वाकला, बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून बाजूला ठेवले, आणि पुन्हा सावधानमध्ये उभा राहिला, आहे तेवढ्याच उंचीचा.